नोंद आणि नोंदीपर्यंतची वाट



वार्षिक अहवालाच्या या पानांवर आम्ही प्रतिवर्षी बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, नवीन यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांची माहिती देत असतो. यंदा त्यातील काही पाने आम्ही वरकरणी रुक्ष वाटणाऱ्या एका विषयासाठी राखून ठेवली आहेत. आपण दिलेली देणगी अथवा आपल्या घरच्या रुग्णासाठी केलेला सवलतीचा अर्ज आमच्या संगणकात कोठे नोंदला जातो, आणि काम पडेल तेव्हा आमचा कर्मचारी त्या नोंदींच्या यादीपर्यंत कसा पोहोचतो, हा तो विषय होय. नोंद करणे आणि केलेली नोंद वेळेवर सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांस गतवर्षीच्या पावसाळ्यात एका कुटुंबाच्या मनस्तापातून शिकावे लागले. त्या प्रसंगाविषयी पुढे लिहिलेच आहे. परंतु तो समजण्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

जुन्या वह्या

अनेक वर्षे आमचा सर्व कारभार लाल कापडी बांधणीच्या वह्यांवर चालत असे. देणगीदारांची वही लेखापालांच्या कपाटात, गरीब रुग्णांच्या अर्जांची वही समाजसेवा विभागात आणि खाटांची वही परिचारिकांच्या टेबलावर. या पद्धतीचे दोष सर्वांस ठाऊक आहेत; पण तिचा एक गुण आज आवर्जून नमूद करावासा वाटतो. वही उघडली की तिच्यातील सगळे दिसत असे. गुरुवारचे पान उलटले की गुरुवारी आलेला प्रत्येक अर्ज डोळ्यांसमोर येई, मग तो कोणीही लिहिलेला असो. वही कोण उघडतो यावरून तिच्यातील मजकूर बदलत नसे. संगणकाच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

कामाचा व्याप वाढला तशा या वह्या अपुऱ्या पडू लागल्या. धर्मादाय रुग्णालयांना ज्या योजनेनुसार काम करावे लागते, ती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झाली. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक हा तिचा आधार. योजनेनुसार एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी संपूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. या दोन गटांव्यतिरिक्त इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा प्रारंभी निर्धनांसाठी वार्षिक २५ हजार आणि दुर्बल घटकांसाठी ५० हजार रुपये होती. पुढे ती वाढत जाऊन अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये झाली. मर्यादा वाढली तसे अर्जही वाढले, आणि प्रत्येक अर्जासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका वा दारिद्र्यरेषेखालील कार्ड तपासून त्याची नोंद ठेवणे आले.

नवी मुंबईत या तपासणीला एक स्थानिक पैलू आहे. शहर एकसंध दिसत असले तरी महसुली दृष्टीने ते दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी, नेरूळ येथील रहिवाशाचा दाखला ठाणे तहसीलचा, तर खारघर, कामोठे, कळंबोली येथील रहिवाशाचा दाखला रायगड जिल्ह्यातील पनवेल तहसीलचा. उरणहून येणाऱ्यांचा आणखी निराळा. बेलापूरची खाडी ओलांडली की कचेरी बदलते, हे नव्याने राहावयास आलेल्या कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते. त्यामुळे चुकीच्या कार्यालयात हेलपाटे घालून रिकाम्या हाताने परतलेले नातेवाईक आमच्या समाजसेविकांना नेहमी भेटतात. कोणता अर्ज कोणत्या तालुक्याचा, हे नोंदीत स्वतंत्रपणे दिसणे आम्हांस म्हणूनच अगत्याचे वाटते.

‘ग्राहक’ या शब्दाविषयी

या सर्व नोंदी एकत्र ठेवण्यासाठी आम्ही जी संगणकप्रणाली स्वीकारली, तिच्या प्रकारास ‘ग्राहकसंबंध व्यवस्थापन प्रणाली’ असे म्हणतात. हा शब्द आमच्या काही विश्वस्तांना खटकला, आणि ते योग्यच होते. आमच्या दारी येणारा रुग्ण ग्राहक नव्हे आणि देणगीदार तर नव्हेच. परंतु हे नाव तिच्या जन्मकुळावरून आलेले आहे. विक्री करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांची माहिती, झालेली बोलणी आणि अपेक्षित सौदे एका ठिकाणी ठेवण्यासाठी अशा प्रणाली घडविल्या. आम्ही वापरतो ती ‘सेल्सफोर्स’ ही प्रणाली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९९९ साली मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कंपनीची आहे. प्रणाली इंटरनेटवरून चालत असल्याने रुग्णालयात मोठा संगणक बसवावा लागत नाही, आणि पात्र सेवाभावी संस्थांना पहिले दहा परवाने विनामूल्य मिळतात. आमच्यासारख्या संस्थेला ती परवडण्याचे मुख्य कारण हेच.

अशा प्रणालीत काही नोंदप्रकार आधीपासून तयार असतात. व्यक्तींची नोंद, संस्थांची नोंद, होऊ घातलेल्या व्यवहाराची नोंद. देणगीदाराचे नाव व्यक्तीच्या नोंदीत आणि त्याची देणगी व्यवहाराच्या नोंदीत, अशी सोय लावता येते. मात्र ‘निर्धन रुग्णाचा अर्ज’ नावाची वस्तू सॅन फ्रान्सिस्कोच्या कोणत्याही विक्रेत्याच्या स्वप्नात आलेली नसणार. ती प्रणालीत नव्हती. आम्हांस ती घडवून घ्यावी लागली. आपल्या गरजेनुसार असा नवा नोंदप्रकार तयार करण्याची मुभा हे या प्रणालीचे मोठे बलस्थान आहे. अर्जाची तारीख, तालुका, दाखल्याचा प्रकार, उत्पन्नाचा आकडा, मंजुरी देणारा अधिकारी, दिलेली खाट असे रकाने आम्ही ठरविले आणि पडद्यावर त्याचे नाव देवनागरीत ‘निर्धन रुग्ण अर्ज’ असे दिले. (आतील यांत्रिक नाव मात्र रोमन लिपीतच ठेवावे लागते आणि त्याच्या अखेरीस दोन अधोरेषा व ‘सी’ हे अक्षर प्रणाली स्वतःच जोडते. घडवून घेतलेल्या नोंदप्रकाराची ती खूण.)

याच धर्तीवर आम्ही निर्धन रुग्ण निधीतील खर्चासाठी एक, आणि आमच्या काही जुन्या देणगीदारांच्या आग्रहास्तव ‘स्मृतिदिन’ नावाचा एक नोंदप्रकार तयार केला. आई-वडिलांच्या स्मरणार्थ कायम निधी ठेवणारे देणगीदार त्या निधीच्या व्याजातून विशिष्ट दिवशी रुग्णांना फलाहार अथवा औषधे द्यावीत अशी इच्छा व्यक्त करतात. त्यांपैकी अनेकांना इंग्रजी तारीख नको असते, तिथी हवी असते. प्रणालीला तिथी समजत नाही. त्यामुळे दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी पंचांग घेऊन बसतात आणि त्या वर्षीच्या तारखा हाताने भरतात. संगणकाने हे काम वाचविले नाही. पण भरलेल्या तारखा वर्षभर विसरल्या जात नाहीत, एवढे खरे.

यादीपर्यंतची वाट

आता मूळ विषयाकडे वळू. नोंदप्रकार तयार झाला, त्यात अर्ज भरले गेले. परंतु त्या अर्जांची यादी पाहावयाची असेल तर कोठे जावे? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण नवीन कर्मचाऱ्याला पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त हाच छळतो.

पडद्याच्या वरच्या बाजूस आडवी पट्टी असते आणि तिच्यावर निरनिराळ्या नोंदप्रकारांची नावे लिहिलेली असतात. यांना ‘टॅब’ म्हणतात. वहीच्या कडेला लावलेल्या कापडी खुणपट्ट्यांसारखेच ते. टॅबवर बोट ठेवले की त्या प्रकारची यादी उघडते. टॅब पट्टीवर नसेल तर डाव्या कोपऱ्यात नऊ ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो. त्यास ‘ॲप लाँचर’ म्हणतात. तो उघडून नोंदप्रकाराचे नाव टंकले की वाट सापडते. आम्ही नव्या माणसाला प्रथम हा ठिपक्यांचा चौकोन दाखवितो, कारण पट्टीवर काय ठेवावे हे विभागागणिक वेगळे असते आणि लेखा विभागातून समाजसेवा विभागात बदली झालेल्या माणसाला ओळखीची पट्टी दिसत नाही.

परंतु टॅब आपोआप तयार होत नाही. नोंदप्रकार घडविताना त्याचा टॅबही घडवावा लागतो, आणि कोणत्या कर्मचाऱ्यास तो दिसावा हे ठरवावे लागते. येथे तीन पर्याय असतात. टॅब पट्टीवर सदैव दिसेल. पट्टीवर नसेल पण शोधल्यास मिळेल. किंवा अजिबात दिसणार नाही. निधीच्या खर्चाचा नोंदप्रकार घडविला तेव्हा आम्ही टॅब करावयाचेच विसरलो होतो. नोंदी होत होत्या, रुग्णाच्या पानावरून एकेक उघडतही होत्या. पण सर्व खर्चाची एकत्र यादी पाहण्यास दारच नव्हते. ज्यांना या गोष्टींची जाण आहे ते अशा वेळी पत्त्याच्या पट्टीतून थेट जातात: पत्त्यात त्या नोंदप्रकाराचे यांत्रिक नाव आणि पुढे यादीचा निर्देश लिहिला की टॅब नसतानाही यादी उघडते. प्रणालीच्या जुन्या रूपात तर त्याहून आखूड वाट होती. प्रत्येक नोंदीला एक लांब क्रमांक असतो आणि त्याची पहिली तीन अक्षरे नोंदप्रकार सांगतात. पत्त्यापुढे तेवढी तीन अक्षरे लिहिली की त्या प्रकाराचे मुखपृष्ठ समोर येई. आमच्या लेखापालांच्या मेजाच्या काचेखाली अशा अक्षरांची एक चिठ्ठी कित्येक दिवस होती. अशी चोरवाट जाणकाराच्या उपयोगी पडते हे खरे. पण रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने तिच्यावर अवलंबून राहावे अशी अपेक्षा करणे गैर होय. आम्ही टॅब करून घेतला.

येथे एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. टॅब लपविला म्हणजे नोंद सुरक्षित झाली, असे काही काळ आम्हीही समजत होतो. तसे नाही. टॅब हे केवळ दार आहे. लपविलेल्या दाराच्या बाजूने थेट पत्त्याने आत जाता येते, जर त्या कर्मचाऱ्यास मूळ नोंद पाहण्याची परवानगी असेल तर. म्हणून रुग्णाचे निदान, आजाराचा तपशील, उत्पन्नाचा आकडा हे रकाने कोणास दिसावेत याची परवानगी निराळी ठरवावी लागते आणि आम्ही ती ठरविली आहे. देणगी स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यास रुग्णाचा अर्ज उघडता येत नाही. देयके करणाऱ्यास अर्ज मंजूर आहे की नाही एवढे दिसते, निदान दिसत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला. परंतु गरिबीचा दाखला घेऊन आलेल्या माणसाची माहिती झाकून ठेवावी, यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

रिकामी यादी

यापुढील टप्पा आमच्या चुकीचा आहे.

टॅब उघडल्यावर प्रणाली सर्व नोंदी दाखवीत नाही. ती प्रथम ‘रीसेंटली व्ह्यूड’, म्हणजे ‘अलीकडे पाहिलेल्या’, नोंदींची यादी दाखविते. अलीकडे पाहिलेल्या म्हणजे समोर बसलेल्या त्या कर्मचाऱ्याने स्वतः अलीकडे उघडलेल्या. दोन माणसे एकच टॅब उघडतील तर त्यांना दोन निरनिराळ्या याद्या दिसतील. आणि ज्याने त्या प्रकारची एकही नोंद कधी उघडलेली नाही, त्याला यादी रिकामी दिसेल. ज्याचे काम रोजच्या त्याच दहा-वीस नोंदींशी असते त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे, आणि प्रणाली घडविणाऱ्यांनी ती त्याच हेतूने ठेवली आहे. आपल्या कामाला ती कशी लागू पडते याचा विचार करणे आमचे काम होते. आम्ही तो केला नव्हता.

तुर्भे स्टोअर परिसरातील एक घरकाम करणाऱ्या भगिनी. त्यांच्या पतीच्या पायाला मधुमेहामुळे जखम झाली होती. गुरुवारी त्यांचा मुलगा बाह्यरुग्ण विभागात कागदपत्रे घेऊन आला, समाजसेविकेने अर्ज भरून घेतला आणि शुक्रवारी तो मंजूरही झाला. सोमवारी दाखल व्हावयाचे ठरले होते. शनिवारी रात्री पाय काळवंडला, ताप चढला आणि रुग्णास तातडीने आणावे लागले. तातडीच्या रुग्णास अनामत न मागता दाखल करून घेऊन प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे हे योजनेप्रमाणे बंधनकारक आहे आणि त्या रात्री त्यात कसूर झाली नाही. रविवारी सकाळी प्रकृती स्थिरावली, शस्त्रक्रिया ठरली आणि पुढील नोंदीसाठी पत्नीस देयक खिडकीवर पाठविण्यात आले.

खिडकीवर त्या महिन्यातच बदलून आलेला कर्मचारी होता. समाजसेवा विभाग रविवारी बंद. कर्मचाऱ्याने ‘निर्धन रुग्ण अर्ज’ हा टॅब उघडला. यादी रिकामी होती. तेवढ्यावर न थांबता त्याने नाव टंकून शोधले. काही मिळाले नाही. त्याने अदबीनेच सांगितले, “मावशी, तुमचा अर्ज इथं दिसत नाही.” त्या म्हणाल्या, “अहो दादा, गुरुवारी मॅडमनी माझ्या पोराची सही घेतली की.” कर्मचाऱ्याने पुन्हा पाहिले. पडदा तेच सांगत होता. सामान्य रुग्ण म्हणून अनामत भरावी लागेल, अर्ज सापडला की परत मिळेल, असे त्याने सांगितले. त्या घरी गेल्या आणि दुपारी पैसे घेऊन आल्या. मंगळसूत्र गहाण ठेवले होते, हे आम्हांस सोमवारी कळले.

सोमवारी समाजसेविकेने तोच टॅब उघडला आणि अर्ज तिच्या यादीत सर्वांत वर होता, कारण शुक्रवारी तिनेच तो उघडला होता. नाव शोधूनही सापडले नाही याचे कारणही त्याच वेळी उलगडले. आमच्याकडे नावे रोमन लिपीत भरली जातात. मराठी आडनाव रोमन लिपीत लिहिण्याची एकच रीत नाही. गायकवाड, वाघमारे, म्हात्रे यांची दोन-तीन रूपे सहज होतात. आधारकार्डावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि कर्मचाऱ्याच्या बोटांत तिसरे. त्यातून कोणी नाव आधी लिहितो, कोणी आडनाव. एका अक्षराच्या फरकाने यंत्राला दोन माणसे वेगळी वाटतात.

अनामत त्याच दिवशी परत केली, दागिना सोडविण्याचा व्याजासह खर्च संस्थेने सोसला आणि वैद्यकीय संचालकांनी व व्यवस्थापकांनी त्या कुटुंबाची भेट घेऊन क्षमा मागितली. रुग्णाची दोन बोटे काढावी लागली, पाय वाचला. शस्त्रक्रियेस विलंब झाला नव्हता. तरीसुद्धा त्या रविवारी त्या बाईंनी तुर्भ्याच्या गल्लीतून सराफापर्यंत जे अंतर तोडले, ते भरून देण्याची सोय कोणत्याही खात्यात नाही. कर्मचाऱ्यास आम्ही दोष दिलेला नाही. त्याला जे दाखविले गेले ते त्याने प्रामाणिकपणे वाचले. पडद्यावर दिसते ती संपूर्ण वही नव्हे, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते, आणि ते सांगण्याची जबाबदारी आमची होती.

काय बदलले

पहिला बदल अगदी साधा आहे. टॅबच्या नावाखाली एक लहान बाण असतो. तो उघडला की त्या नोंदप्रकारासाठी तयार केलेल्या सर्व याद्यांची नावे दिसतात. आम्ही निर्धन रुग्ण अर्जासाठी ‘सर्व अर्ज’, ‘मंजूर, दाखल होणे बाकी’ आणि ‘कागदपत्रे अपूर्ण’ अशा याद्या तयार केल्या. यादी म्हणजे वास्तविक एक चाळणी असते: अमुक रकान्यात अमुक मजकूर असलेल्या नोंदी तेवढ्या दाखव, असा आदेश. यादीच्या बाजूस टाचणीचे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवले की ती यादी त्या कर्मचाऱ्यापुरती ‘पिन’ होते आणि पुढच्या वेळी टॅब उघडताच तीच समोर येते. देयक खिडकीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यात ‘मंजूर, दाखल होणे बाकी’ ही यादी पिन केलेली आहे की नाही, हे आता पहिल्याच दिवशी पर्यवेक्षक स्वतः पाहतात. टाचणी ज्याची त्यानेच लावावी लागते. एकाने लावली म्हणून दुसऱ्याला ती लागत नाही.

याद्या करताना आणखी एक अडचण लक्षात आली. यादी तयार करणारा ती फक्त स्वतःसाठी ठेवू शकतो, ठरावीक गटासाठी ठेवू शकतो किंवा सर्वांसाठी खुली करू शकतो. आमच्या समाजसेविकेने फार पूर्वीच एक उत्तम यादी केलेली होती; पण ती केवळ तिला दिसत होती. शिवाय काही याद्या ‘माझ्या नोंदी’ एवढ्यापुरत्या असतात, म्हणजे ज्याच्या नावे नोंद आहे त्यालाच ती दिसते. रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे अर्ज अशा यादीत कधीच येणार नाहीत. म्हणून रुग्णांच्या बाबतीत ‘माझ्या’ हा शब्द असलेली एकही यादी कामासाठी वापरावयाची नाही, असा नियम केला आहे.

लांब याद्यांचाही प्रश्न आहे. पडद्यावर एका वेळी काही नोंदीच येतात, खाली सरकत गेल्यावर पुढच्या उतरतात. आणि फार मोठी यादी असेल तर पहिल्या २ हजार नोंदींपलीकडे ती दाखविली जात नाही. वर्षानुवर्षांचे अर्ज साठल्यावर ‘सर्व अर्ज’ ही यादी नावापुरतीच ‘सर्व’ राहते. त्यामुळे नवीन तारीख वर आणि जुनी खाली अशी मांडणी केली असून चालू आर्थिक वर्षाची चाळणी वेगळी लावली आहे. धर्मादाय आयुक्त कार्यालयास माहिती सादर करताना मात्र यादीवर विसंबून न राहता प्रणालीतील अहवालाची सोय वापरली जाते.

दुसरा बदल संगणकाबाहेरचा आहे आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा. प्रत्येक अर्जाला प्रणाली आपोआप एक अनुक्रमांक देते. तो पूर्वीही देत होती. फक्त कोणी तो कुटुंबाला सांगत नसे. आता अर्ज भरताच तो क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी अर्जदाराच्या हाती दिली जाते. आकड्याचे स्पेलिंग नसते. त्याशिवाय, अर्ज दिसत नसेल आणि नातेवाईक तो केल्याचे सांगत असतील, तर समाजसेवा विभाग उघडेपर्यंत अनामत मागावयाची नाही, असा लेखी आदेश व्यवस्थापनाने काढला आहे. यंत्र आणि माणूस यांत तफावत पडली तर तूर्त माणसाचे खरे धरावे, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एकमताने ठरले. क्वचित कोणी याचा गैरफायदा घेईल, ही शंकाही तेथे व्यक्त झाली; ती मान्य करूनच हा निर्णय झाला.

देणगीदारांसाठी थोडेसे

देणगीदारांच्या बाबतीत यादी न सापडण्याचा परिणाम इतका दाहक नसतो, पण होतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आयकर कलम ८०-जी अन्वये देणगीदारास सवलत मिळावयाची, तर केवळ पावती पुरेशी नाही असा नियम झाला. संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण नमुना १०-बीडी मध्ये ३१ मेपर्यंत भरावे आणि त्यानंतर देणगीदारास नमुना १०-बीई मधील प्रमाणपत्र द्यावे, अशी ती पद्धत. विवरणास विलंब झाल्यास संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क ठरविण्यात आले. अशा विवरणात ज्या देणगीदाराचा पॅन चुकीचा पडतो, त्याची सवलत अडकते. म्हणून ‘पॅन नाही’ आणि ‘पॅन तपासणे बाकी’ अशा दोन याद्या आम्ही लेखा विभागासाठी केल्या असून फेब्रुवारीपासून त्या दर आठवड्यास उघडल्या जातात. आपणांस आमच्याकडून त्या सुमारास दूरध्वनी आला तर कृपया त्रास मानू नये. २ हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, हेही या निमित्ताने नम्रपणे निदर्शनास आणून देतो. दरवर्षी कोणी ना कोणी सद्गृहस्थ मोठी रक्कम पाकिटात घालून आणतात आणि त्यांना धनादेशासाठी परत पाठविताना आम्हांस संकोच वाटतो.

परदेशस्थ स्नेह्यांनी पाठविलेल्या रकमेची नोंद याहून निराळी. परकीय चलनातील योगदानासाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे योगदान प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागते. अनिवासी असूनही भारतीय नागरिकत्व असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठविलेली रक्कम त्या कायद्याखाली परकीय योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची ठरते. दोन सख्खे भाऊ न्यू जर्सीहून एकाच आईच्या नावे देणगी पाठवितात आणि त्या दोन निरनिराळ्या याद्यांत जातात, असे आमच्याकडे घडलेले आहे. यासाठी देणगी पाठविण्यापूर्वी नागरिकत्वाविषयी विचारणा झाली, तर ती चौकशी केवळ योग्य यादी ठरविण्यासाठी आहे असे समजावे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती की अर्जाची चिठ्ठी रुग्णाच्या केसपेपरसोबत जपून ठेवावी. ती गहाळ झाल्यास अर्ज कोणत्या दिवशी भरला एवढे खिडकीवर सांगावे आणि ‘सर्व अर्ज’ ही यादी तारखेप्रमाणे लावून पाहण्यास आमच्या कर्मचाऱ्यास निःसंकोचपणे सुचवावे. उत्पन्नाचा दाखला काढण्यापूर्वी आपले घर ठाणे तालुक्यात येते, पनवेलमध्ये की उरणमध्ये, हे समाजसेवा विभागात विचारून घ्यावे. रविवारी व सुटीच्या दिवशी हीच चौकशी आता अपघात विभागातील मेजावरही करता येते.